गिरिजाबाईंचा खोकला

पटो न पटो, हे खरंच घडलं आहे. ज्यांच्यावर बेतलं ते शिवलिंगप्पा सोलापुरात अनेकांच्या ओळखीचे होते, आणि उगाच काही सांगायची त्यांना सवय नव्हती.

साल एकोणीसशे एकतीस.

शिवलिंगप्पा होटगी स्टेशनातून पार्सल क्लार्क म्हणून निवृत्त झाले. पत्नी गिरिजाबाईंना दमा. सोलापूरची धूळ आणि ऊन त्यांना सोसेना. डॉक्टर म्हणाले, डोंगरावरची हवा मिळाली तर जगतील. शिवलिंगप्पांनी राहतं घर विकलं आणि बेताच्या पेन्शनीत परवडेल असं एक घर पाचगणीला भाड्यानं घेतलं. दरीच्या कडेला. स्वस्त मिळालं, कारण तिथं आधी एक क्षयाची बाई गेली होती.

"कुठल्या घरात माणूस गेलेलं नसतं?" गिरिजाबाई म्हणाल्या.

थंडी सरायच्या आत त्यांचा खोकला थांबला. पार थांबला.

मग ती सकाळ आली. दाट धुकं. शिवलिंगप्पा ओसरीवर दाढी करत होते. समोर अंगणात गिरिजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

आतल्या खोलीतून आवाज आला...

खोकल्याचा.

शेवटी शीळ घातल्यासारखा श्वास ओढणारा. आयुष्यभर ऐकलेला. गिरिजाबाईंचाच.

त्यांनी अंगणात पाहिलं. गिरिजाबाई खाली मान घालून मेथी निवडत होत्या.

खोलीत कुणी नव्हतं.

पुढं तो खोकला रोज येऊ लागला. आणि इकडे गिरिजाबाईंचं एकेक सुटत गेलं... गळ्यातल्या इष्टलिंगाची रोजची पूजा सुटली. तहान लागेना. शेजारी निजल्या तरी श्वास ऐकू येईना.

शिवलिंगप्पांनी घराला कुलूप घातलं आणि त्यांना घेऊन सोलापूर गाठलं. शुक्रवार पेठेत एक खोली मिळाली.

वैशाखाचं ऊन. सगळं गाव घामानं निथळत होतं. गिरिजाबाई चुलीपुढं भाकरी थापत बसायच्या...

कपाळावर घामाचा थेंब नाही. हात गार.

शेवटी अक्कलकोटला भाच्याकडे जातो असं सांगून शिवलिंगप्पांनी पाचगणीची वाट धरली.

फाटकाशी सोजरबाई भेटली. शेजारच्या बंगल्यात झाडलोट करायची ती.

"सायेब, बाईस्नी आत कोंडून कुटं गेला व्हता? लई खोकत्यात की. हाका मारत्यात तुमास्नी."

दाराला त्यांचंच कुलूप होतं. त्यांनी किल्ली लावली.

आत खोकला उसळला... थांबला... आणि अगदी दाराला टेकून कुणीतरी बोललं.

"अहो, आलात का? मला घरी न्या ना."

शिवलिंगप्पांच्या मनात आलं, आत गिरिजा असेल, तर सोलापुरात भाकरी थापतेय ती कोण? आणि ती गिरिजा असेल, तर आपण दार उघडतोय ते कुणासाठी?

किल्ली फिरली नाही. म्हणजे त्यांनी फिरवली नाही.

घाट उतरताना मागून खोकला येत राहिला. वाट वळली तरी.

सोलापूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गिरिजाबाई उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"दार उघडलं नाहीत ना?" त्यांनी हळूच विचारलं.

शिवलिंगप्पांनी तांब्या घेऊन पाय धुतले. ताट वाढलेलं होतं. ते जेवायला बसले.

पुढं मरेपर्यंत ते त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्या शेजारी निजले. नावानं हाक मात्र पुन्हा कधी मारली नाही...

ओ कुठून येईल, याची त्यांना खात्री नव्हती.