केबल काढणारा

"त्या केबलला हात लावायचा नाही," ती दारातूनच म्हणाली.

सर्व्हर रूममध्ये एक उंच, अनोळखी माणूस स्टोरेजच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, कपाटामागे वाकून उभा होता. एसी दुरुस्त करायला आला असणार, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. त्यानं हात मागे घेतला आणि अगदी शांतपणे सांगितलं, की त्याला पगारच केबल काढण्याचा मिळतो. इस्पितळाच्या नव्या संगणक यंत्रणेची चाचणी घ्यायला येणारा परीक्षक तो हाच! तिचे कान तापले. नजर मात्र तिनं खाली घेतली नाही.

"मग काढा," ती म्हणाली. "काही होणार नाही."

तिला खात्री होती. दोन सर्व्हरची जोडी, म्हणजे क्लस्टर, तिनं एकटीनं उभी केली होती. एक पडला तर दुसरा काम उचलणार. स्टोरेजकडे जाणाऱ्या केबलसुद्धा दोन, एक गेली तरी दुसरी आहेच. आज पास झालं तर यंत्रणा तिच्या हाती राहणार होती, नाहीतर पाचच्या ठोक्याला बाहेरच्या कंपनीकडे जाणार होती. इस्पितळाच्या साहेबांनी तसं स्पष्ट बजावलं होतं.

त्यानं पहिली केबल काढली, आणि दोन्ही सर्व्हरनी मान टाकली.

नुसती पंख्यांची घरघर... त्यानं तिच्यासाठी खुर्ची तेवढी पुढे सरकवली. ते तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

तिनं सेटिंगची फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. क्लस्टर बसवला तेव्हा एकच केबल आली होती, म्हणून डिस्कचं त्या केबलवरून दिसणारं नाव तिनं तिथं लिहिलं होतं. आठवड्यानं दुसरी आली. तिनं मल्टिपाथ, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र धरणारी सोय, चालू केली, दोन्ही केबलवरून मिळून डिस्कला एक सामाईक नाव मिळालं... आणि क्लस्टर बिचारा जुन्याच नावाला, म्हणजे पहिल्याच केबलला, चिकटून बसला.

"चूक माझीच. अहवालात लिहा."

"लिहिली. पण फेरचाचणी एकदा घेता येते — पाचच्या आत."

"साडेचारला या."

"इथंच थांबलो तर?"

"तर माझं लक्ष लागणार नाही."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तो हसत हसत बाहेर गेला.

तिनं दोन्ही सर्व्हरवर सामाईक नाव घातलं, एकेका केबलवरची सुटी नावं क्लस्टरच्या नजरेआड केली, आणि स्वतःच एकेक केबल काढून खात्री केली. साडेचारला तो आला. पहिली काढली, परत लावली. मग दुसरी काढली. यंत्रणेनं हूं की चूं केलं नाही.

त्यानं अहवालावर 'पास' लिहिलं. सहीपाशी मात्र पेन अडलं.

"काय झालं?"

"इथं लिहून द्यावं लागतं... की जिचं काम तपासलं, ती व्यक्ती माझी कुणी लागत नाही." त्यानं वर पाहिलं. "सकाळी बेधडक सही केली असती. आता हात धजत नाही."

त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं. पण पाचला दहाच मिनिटं होती, आणि ही यंत्रणा ती कुणासाठीही सोडणार नव्हती — याच्यासाठीसुद्धा नाही.

"आत्ता मी तुमची कुणी नाही, हे खरंच आहे," ती हसून म्हणाली. "करा सही. मग पेन खाली ठेवा, आणि काय विचारायचंय ते विचारा. माझं उत्तर हो आहे."