तिसरा काटा

हॉस्पिटलातली ही टाकी म्हणजे खिडक्या असलेलं आडवं लोखंडी पिंप. आत दाब वाढवायचा, पेशंटला मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, की रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा आकसतो. ऑपरेटर हे प्रत्येक नातेवाइकाला समजावून शेवटी "घाबरू नका" म्हणे. तोवर न घाबरलेलेही मग घाबरत.

आजचा पेशंट रंगारी. परांचीवरून पडला, मोडलेल्या बरगडीने फुफ्फुस फाडलं, हवा रक्तातून थेट मेंदूत. छातीत नळी घातली होती. पण उजवा हात लुळा, वाचा बंद.

"बोलतील ना हो?" बायकोने विचारलं. "एरवी गप्प बसा म्हणून मीच ओरडते."

"ताई, बाहेर आले की पुन्हा ओरडा."

आत रंगारी आणि सोबतीला सिस्टर. तिला टाकीतली हवा पुरे. मुखवटा एकट्या रंगाऱ्याला. दाब चढला. बाहेर ऑपरेटरसमोर प्रत्येक मुखवट्याच्या ऑक्सिजनचा वेगळा काटा होता. पहिल्या मुखवट्याचा काटा रंगाऱ्याच्या श्वासाबरोबर अडखळत हलू लागला.

थोड्या वेळाने तिसरा काटाही हलू लागला.

ऑपरेटरला मौज वाटली. गळती असती तर काटा एका जागी राहिला असता. हा चढत होता, उतरत होता. आणि कुणी श्वास ओढल्याशिवाय हे मुखवटे ऑक्सिजन सोडत नाहीत.

"सिस्टर, तिसरा मुखवटा कुणी लावलाय?" त्याने माइकवर विचारलं.

"खुंटीने! टांगलेला आहे की."

त्याने नियमाप्रमाणे तिसऱ्या काट्याखालचा कॉक, म्हणजे त्या मुखवट्याची ऑक्सिजनची तोटी, बंद केला.

पहिला काटा पडला.

"अहो, श्वास थांबला यांचा!" आतून सिस्टर ओरडली.

त्याने कॉक उघडला. तिसरा काटा हलला. त्याच्या मागोमाग पहिला.

ऑपरेटरने हात मागे घेतला.

दाब सावकाश उतरला. दार उघडलं तेव्हा रंगाऱ्याने उजव्या हाताने छताकडे बोट दाखवलं. "हा रंग कुणी दिलाय? पोपडे निघालेत."

"झालं सुरू!" म्हणत बायको रडू लागली.

रंगारी घरी गेला. टाकी रिकामी झाली. तिसरा काटा चालूच राहिला. ऑपरेटरने कॉकवर 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली, सिलिंडर स्वतः बदलू लागला आणि रजा घेणं सोडलं. साहेबांना त्याच्या निष्ठेचं फार कौतुक.

महिन्याने रंगारी तपासणीला आला.

"छाती ठणठणीत म्हणाले डॉक्टर. बघा!" त्याने मोठा श्वास घेतला आणि ऐटीत रोखून धरला.

ऑपरेटरने पाटीमागे पाहिलं.

तिसरा काटा थांबला होता.