बॉनेटवरचे दोन ठोके

दिवा जरा इकडे ओढ आणि बस. तुझा नवरा त्या दिवशी माझ्याबरोबर वर निघाला, तो अजून घरी आलेला नाही. तेव्हा मला विचारायचा तुला हक्कच आहे. पोलिसांना मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं तुला सांगते. धाकटी जाऊ म्हणून नाही, बहीण म्हणून ऐक.

काम नेहमीचंच. डोंगरावरच्या मनोऱ्याच्या जनरेटरला डिझेलचे डबे पोचवायचे. काम ह्यांचं आणि गाडीही ह्यांचीच, ती जुनी डिझेलवरची फोर-व्हील. तिच्याच अपघातात हे गेले, त्यानंतर वर्षभर मी आणि भावजी तिच्यामागे लागलो होतो. टप ठोकून सरळ केला, नोझल साफ करून घेतले, ब्रेकचे पाइप नवे घातले. भावजींचं मात्र एकच टुमणं होतं, पुढच्या चाकांच्या मधोमधचे ते हाताने फिरवायचे जुने हब काढून टाकू आणि कायमचे जोडलेले बसवू. "कशाला वहिनी ती कटकट? दर वेळी चिखलात उतरा, हाताने फिरवा..." मी काही ऐकलं नाही. त्या हबांत ह्यांच्या हातचं ग्रीस होतं, मला ते टाकवेना.

ते हब फिरवून लावल्याशिवाय आतला फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढची चाकं नुसती फिरतात, गाडीला ओढत नाहीत. म्हणून चढाखाली थांबायचं, एकाने उतरून दोन्ही बाजूंचे हब लावायचे आणि बॉनेटवर दोन ठोके द्यायचे. त्या इंजिनाच्या खडखडाटात हाक कुठली ऐकू येणार! दोन ठोके म्हणजे लावले, आता नीघ. दोघा भावांची ही पद्धत पहिल्यापासूनची.

अपघातानंतर हब मोकळे, म्हणजे न लावलेलेच, सापडले होते. भावजी रडत म्हणाले, "मी उतरलो होतो वहिनी, पण दादाला धीर कुठला! मी वाकेपर्यंत गिअर टाकून निघालासुद्धा." गाडी मागे घसरली आणि दरीत गेली. मी ते खरं मानलं. जो माणूस ऑइलची पट्टी दोनदा पुसून बघायचा, तो अशी घाई करेल का, हे माझ्या मनातही आलं नाही. वर्षभर मी ह्यांच्या फोटोशी भांडले. आम्हाला वाऱ्यावर सोडायची एवढी कसली घाई होती, म्हणून.

त्या दिवशी गाडी दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच वर निघाली. दुपार होती, पण धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसेना. चढाखाली मी थांबले. भावजी उतरले. मी क्लच दाबून बसले होते. काचेवरून पाणी ओघळत होतं, पायाखाली इंजिन धडधडत होतं. तेवढ्यात गाडीत वास आला... लाकडाच्या भुशाचा. आठवतंय ना, हे आपले ग्रीसचे हात भुशाने चोळायचे? जेवायला बसले तरी नखांत भुसा असायचा. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

बॉनेटवर दोन ठोके पडले.

मी हँडब्रेक सोडणार, तोच आरशात भावजी दिसले. गाडीच्या मागे, लाल दिव्याच्या उजेडात, हात खिशात घालून उभे. तोंडात नेहमीची लवंग चघळत होते.

"भावजी, ठोकलं कोणी?" मी खिडकीतून ओरडले.

ते जवळ आले. "कोणी म्हणजे? मी अजून... अजून हातच नाही लावला, वहिनी."

मी उतरले. दोघं वाकून बघायला लागलो. हब लावलेला होता. पलीकडचाही. दोन्हींच्या खाचेत ओला भुसा चिकटला होता.

भावजी मटकन चिखलात बसले. बोलायला लागले ते माझ्याशी नव्हे, रिकाम्या सीटकडे बघून. "दादा... एवढासा तर चढ होता रे. हात गारठले होते... मला वाटलं, जाईल गाडी. म्हणून नुसतंच ठोकलं..."

"न लावता?" मी विचारलं.

"न लावता."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच गं. एका कंटाळ्यापायी भाऊ घालवला, आणि वर दोष ठेवला तो त्या मेलेल्या माणसावरच. त्यांच्या ताटात मी वर्षभर वाढत होते, माझ्या दुःखात तेच माझे डोळे पुसत होते. मी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "चालत खाली जा. ह्यांच्या गाडीत पुन्हा बसू नका."

ते गेले. धुक्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला. खालच्या वळणाच्या बरंच अलीकडे तो थांबला. मी बघायला गेले नाही. डबे वर पोचवले आणि परत आले. नंतर पोलिसांनी सगळी दरी पाहिली, पण काहीच मिळालं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तेव्हापासून मी एकटीच जाते. चढाखाली थांबले की भुशाचा वास येतो, दोन ठोके पडतात. तरी मी उतरून बघतेच, दुधाने तोंड पोळलंय माझं. पण हब दर वेळी लावलेले असतात. मला भीती नाही वाटत. मी ह्यांची माफी मागते आणि गिअर टाकते.

काल मात्र... काल थांबले, तर बराच वेळ काहीच नाही. मग ठोके पडले. दोनच, पण घाईघाईने. आत वास आला तो भुशाचा नव्हता... लवंगेचा होता. मी उतरले. चिखलात आधी एका चाकाशी वाकले, मग दुसऱ्या.

दोन्ही हब मोकळे होते.

ते घरी कधी येतील, असं विचारलंस ना? ते मला नाही गं सांगता यायचं. पण ते आहेत तिथूनही अजून खोटंच सांगतायत.