बाटल्या कोणी धुतल्या?

"साबण! दुसरं काय असणार?" मावशीने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पाणी निळंशार झालं होतं. "मुंगे, तू बाटल्या साबणाने धुतल्यास ना?"

"नाही गं! शुद्ध पाण्याने तीन-तीनदा खळबळल्या. तूच शिकवलंस तसं!" दहा वर्षांच्या मुंगीचा चेहरा रडवेला झाला.

सुट्टीत तिघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी समुद्राच्या पाण्याची रासायनिक तपासणी करायची. सध्या इथले प्रवाळ कशाने मरताहेत, ते ती शोधत होती. तिच्या प्रयोगशाळेतलं बाटल्या धुण्याचं काम मुंगीने भांडून मिळवलं होतं, आणि आता नेमकं तेच अंगाशी आलं!

"पण निळं म्हणजे वाईट का?" थोरल्या ताईने विचारलं. प्रश्नावर प्रश्न विचारते म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत.

"त्या पाण्यात फॉस्फेट आहे. धुण्याच्या पावडरीत असतं ते. माझं रसायन घातलं की पाणी निळं होतं. फॉस्फेट जितकं जास्त, तितका रंग गडद. समुद्रात एवढं कुठून येणार? हा नमुना बाद! प्रवाळ उकाड्याने आजारी पडले, असंच अहवालात लिहिते. पाच वाजता तो पाठवायचाय."

"मग प्रवाळांचं काय होणार?" मधल्या ढब्बूने विचारलं.

"उकाड्यापुढे कोणाचं काय चालतं? मरतील बिचारे."

 कालच होडीतून मुंगीने ते प्रवाळ पाहिले होते. निम्मे पांढरेफटक, निम्म्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ. तिने डोळे पुसले.

"मावशी, मी धुतलेल्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भर आणि तेच रसायन घाल. बाटलीला साबण असेल, तर तेही निळं होईल!"

 मावशीने धुतलेली बाटली शुद्ध पाण्याने भरली आणि रसायन घातलं. दहा मिनिटं तिघं घड्याळाकडे डोळे लावून बसली. पाणी निळं व्हायचं नावच घेईना!

"म्हणजे निळं समुद्रातलंच!" ढब्बू ओरडला. "चला, ते येतंय कुठून ते शोधू! दोनच वाजलेत!"

सहा बाटल्या घेऊन तिघं किनाऱ्याने पळत सुटली. दर दोनशे पावलांवर एक बाटली भरायची आणि चिठ्ठी चिकटवायची. मावशीने रसायन घालून त्या ओळीने मांडल्या. पहिली जेमतेम निळसर, मग प्रत्येक जास्त गडद, आणि सहावी थेट शाईसारखी! ती भरली होती पर्यटकांच्या मोठ्या निवासाशेजारच्या ओहोळाजवळ.

मावशी मुलांना घेऊन तिकडे गेली, पण तिथले व्यवस्थापक तिचंही ऐकेनात. "अहो बाई, तो तर झरा आहे! आमचं सांडपाणी टाकीत साफ होतं. समुद्रात थेंबसुद्धा जात नाही. पोरांचं काय ऐकता?"

"बरोबर आहे, काका!" वकीलबाई अगदी गरीब गायीसारखी म्हणाली. "पोरांवर कोण विश्वास ठेवणार? तुम्हीच बाटली भरा, चिठ्ठीवर सहीही करा."

काकांनी ऐटीत वाकून ओहोळाचं पाणी भरलं आणि झोकदार सही ठोकली. मावशीने तिथेच टेबलावर रसायन घातलं. बघता बघता पाणी गडद निळं!

"काका, तुमचा झरा चादरी धुतो वाटतं!" ढब्बूला हसू आवरेना.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ते धावत मागे गेले आणि टाकीचं झाकण उघडून बघतात तो काय! पंप बंद पडलेला. दोन महिने कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. धुलाईचं सगळं पाणी टाकीवरून ओसंडून ओहोळात उतरत होतं.

"धुलाईची यंत्रं बंद करा! आत्ताच्या आत्ता!" काका ओरडले. मग खाली मान घालून मुलांना म्हणाले, "शाबास रे! आम्ही मोठे झोपलो होतो."

पाचला दहा मिनिटं कमी असताना मावशीने अहवालातली उकाड्याची ओळ खोडली आणि खरं कारण लिहिलं.

"मग आता प्रवाळ वाचतील?" मुंगीने विचारलं.

"ते शेवाळ फॉस्फेटवरच पोसतं आणि प्रवाळांना गुदमरवतं. घाण थांबली ना, आता ते हटेल. महिने लागतील, पण बरेचसे वाचतील." मावशीने तिला जवळ ओढलं. "मी न तपासताच तुझ्यावर आळ घेतला. चुकले गं. नमुना बाद केला असता, तर प्रवाळही हातचे गेले असते."

मुंगीने क्षणभर विचार केला. "ठीक आहे, मावशी. पण तूही बाटल्या नीट धुतेस ना? उद्यापासून मी तपासणार!"