बोधपट्टी

अभ्यासिकेतल्या बाकीच्यांच्या कपाळांवर एकेक करून हिरवे दिवे लागत गेले. स्नेहल बनसोडेच्या कपाळावर पुन्हा केशरी लागला. समोरच्या पडद्यावर तीच ओळ उमटली, जी तिला आता तोंडपाठ झाली होती: 'स्मरण आढळले. बोध आढळला नाही. कृपया पाठ पुन्हा वाचा.'

तिने कपाळावरची पट्टी ओढून काढली आणि टेबलावर टाकली. पट्टी साधीच होती, दोन बोटं रुंदीची, कापडी, आतल्या बाजूला केसासारखे बारीक संवेदक शिवलेले आणि बाहेर एक इवलासा दिवा. तिला सगळे बोधपट्टी म्हणत. माणसाला एखादी गोष्ट नव्याने कळते तेव्हा मेंदूत आजवर न जोडलेले धागे जोडले जातात आणि त्याची एक विशिष्ट थरथर उठते. जुनी गोष्ट नुसती आठवली तर थरथर वेगळी असते. पट्टीला हा फरक ओळखता येई. कळलं तर हिरवा, आठवलं तर केशरी. हिरवा लागल्याशिवाय पुढचा पाठ उघडत नसे.

पट्टी आली आणि परीक्षा गेल्या. पाठांतर गेलं, गाईडं गेली, कॉप्या गेल्या. लोकांना आनंदच झाला होता, स्नेहललासुद्धा. बारावीला तिने अख्खं रसायनशास्त्र घोकून काढलं होतं आणि त्यातलं निम्मं तिला तेव्हाही कळलं नव्हतं. औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळत असतानाच वडील गेले आणि त्यांच्या जागी ती एसटीत कंडक्टर म्हणून लागली. बार्शी-तुळजापूर, बार्शी-लातूर, मग पुन्हा बार्शी-तुळजापूर. लग्न झालं, ईरा झाली, नवरा नोकरीसाठी पुण्याला गेला. मग गाड्यांच्या दारांनाच तिकीट कळायला लागलं आणि कंडक्टर उतरले ते कायमचे. त्या वेळी तिने ठरवलं, राहिलेलं शिकायचं. बारावी जुनी झालेल्यांसाठी विद्यापीठाने प्रवेशपूर्व वर्ष ठेवलं होतं. ते पार पडलं की पदवीचं दार उघडत होतं.

पण निम्मं वर्ष सरलं तरी ती रासायनिक समतोलापाशी अडकली होती.

"काय झालं, ताई?" शेजारच्या टेबलावरून मुजावरभाऊंनी विचारलं. गफूर मुजावर पन्नाशी ओलांडलेले होते. जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात आयुष्य गेलं होतं आणि आता त्यांना इंजिनियर व्हायचं होतं. त्यांच्याही कपाळावर केशरीच होता.

"मला कळलंय हो हे," स्नेहल म्हणाली. "स्टँडवर गाडी उभी आहे. जितके चढतायत तितकेच उतरतायत. गाडीतली गर्दी तेवढीच दिसते, पण माणसं बदलत राहतात. समतोल म्हणजे हेच ना?"

"हेच की."

"मग हिला का पटत नाही?"

मुजावरभाऊंनी खांदे उडवले. "माझंही तसंच. काहीही वाचलं की हाताला वायंडिंगची तार लागते. पट्टी म्हणते, हे जुनं आहे."

घरी गेल्यावर आणखी एक दुखणं असे. ईरा त्याच वर्षी बारावी झाली होती. विद्यापीठात जाण्याआधी तिलाही हेच पाठ पुरे करायचे होते. ती सोफ्यावर आडवी पडून, पाय त्याच्या दांडीवर टाकून वाचत असे आणि पान संपायच्या आत तिच्या कपाळावर हिरवा लागत असे.

"तुला कसं गं जमतं?" स्नेहलने एकदा न राहवून विचारलं.

"सोपं आहे आई ते."

"सोपं आहे हे मलाही माहितीये. समजावून सांग बघू मला, समतोल म्हणजे काय."

ईराने व्याख्या सांगितली. बरोबर सांगितली. स्नेहलने विचारलं, "म्हणजे कसं?" ईराने तीच व्याख्या जरा हळू सांगितली. मग दोघीही वैतागल्या. ईरा पट्टी घेऊन आतल्या खोलीत गेली आणि स्नेहलने भाजी फोडणीला टाकताना नको इतकी मोहरी टाकली.

दुसऱ्या दिवशी ती अभ्यासकेंद्राच्या प्रमुख किल्लेदार मॅडमांकडे गेली. बाई तिच्यापेक्षा थोड्या लहान होत्या. बोलायला मऊ होत्या, पण नियमाबाहेर पाऊल टाकत नसत.

"माझी जुन्या पद्धतीने परीक्षा घ्या," स्नेहल म्हणाली. "तोंडी घ्या, लेखी घ्या. मला येत नसेल तर मी घरी बसेन."

"विद्यापीठ ती धरत नाही, बनसोडेताई."

"विद्यापीठासाठी नाही. माझ्यासाठी घ्या. मी मूर्ख आहे का, एवढं मला कळू दे."

किल्लेदार मॅडमांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतः प्रश्न काढले. स्नेहलने त्यांच्याच खोलीत बसून उत्तरं लिहिली. मॅडमांनी ती तिच्यासमोर तपासली. बहुतेक बरोबर होती, काही तर फारच चांगली होती. मग एका उत्तराशी त्या थांबल्या.

"समतोल साधलेल्या मिश्रणात मूळ पदार्थ आणखी घातला तर काय होईल? तुम्ही लिहिलंय, अभिक्रिया थांबेल."

"गर्दी फार झाली की दार लावून डबल बेल देतोच की आम्ही."

"तुम्ही देता. रेणू देत नाहीत. इथे जास्तीच्या पदार्थातला काही भाग पुढे सरकतो आणि नवा समतोल तयार होतो." मॅडमांनी कागद खाली ठेवला. "इथे तुमच्या गाडीने तुम्हाला फसवलं, ताई. पट्टी अगदीच चुकीचं सांगत नाहीये. तुम्ही नवीन गोष्टीला जुने कपडे घालता. बहुतेक वेळा मापाचे बसतात. कधी कधी नाही बसत."

स्नेहलचा चेहरा उतरला. चूक होती हे तिला दिसत होतं. पण एका चुकीसाठी सगळीच गाडी मोडीत कशी काढायची, तेही तिला कळेना.

"ही पट्टी कोणावर तपासून बनवली?" तिने विचारलं.

"अठरा-वीस वर्षांच्या मुलांवर," मॅडम म्हणाल्या, आणि नजर खिडकीकडे वळवली. "प्रौढांसाठी वेगळी करायला हवी, असं आम्ही वरती कळवलंय. तोपर्यंत दुसरा उपाय आहे. शिथिलन."

शिथिलनाबद्दल तिने ऐकलं होतं. डोक्यावर टोप घालून सौम्य चुंबकीय स्पंदनं देत. मेंदूतल्या जुन्या, घट्ट झालेल्या जोडण्या त्याने सैल पडत आणि माणूस पुन्हा कोवळ्या वयासारखा शिकू लागे. विद्यापीठच ते करून देत असे. आठवणी पुसल्या जात नाहीत, असं पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

मुजावरभाऊंनी ते करून घेतलं. सांगून, हसत गेले. परत आले आणि त्यांच्या कपाळावर हिरवा दिवा लागायला लागला, तो लागतच राहिला. चुंबकत्व, प्रत्यावर्ती धारा, कलनशास्त्र, सगळं पटापट मागे पडलं. केंद्रात त्यांचा सत्कार झाला. स्नेहल त्यांना भेटायला त्यांच्या दुकानात गेली. दुकान पुतण्याच्या ताब्यात गेलं होतं. आत एक जळकी मोटार उघडून ठेवलेली होती आणि वॉर्निशचा करपट वास सुटला होता.

"कसं वाटतं?" तिने विचारलं.

"चांगलं वाटतं. डोकं हलकं झालंय." ते त्या मोटारीकडे वळले. "पूर्वी हा वास आला की वडील आठवायचे. मग माझी पहिली मोटार. मग बायको, शमीम, डबा घेऊन यायची ते. एकामागून एक यायचं सगळं. आता कुणी विचारलं तर सांगतो. वडलांचं नाव, शमीम कधी वारली, डब्यात काय असायचं. आठवतं सगळं, ताई. आठवण येत नाही तेवढी."

"मग वाईट वाटत नाही?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वाईट वाटायलाही ती यायला लागते ना," ते म्हणाले. "पण मी इंजिनियर होणार आहे. मला पश्चात्ताप नाही. तुम्ही तुमचं ठरवा."

स्नेहलने ठरवलं. टोप घालायचा नाही. त्या दुपारी घरी येऊन तिने ईराला समोर बसवलं.

"तू वाचतेस तेव्हा डोक्यात काय चालतं?"

"काही नाही."

"काहीतरी चालत असेल."

"खरंच काही नाही, आई. जे लिहिलंय तेच असतं. मला दुसरं काही आठवतच नाही. आठवायला आहे काय माझ्याकडे?" ईराने आईकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. "तू वाचताना तुझा चेहरा बदलतो, माहितीये? भुवया वर जातात. ओठ असे होतात. म्हणजे तुझी गाडी आली. ती येऊ देऊ नकोस."

"येऊ देऊ नको म्हणजे काय? ती येतेच."

"आली की काढून टाक. मी सांगते तुला."

असा त्यांचा अभ्यास सुरू झाला. स्नेहल वाचे, ईरा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघे. भुवई हलली की टेबलावर बोट आपटे. "आली. काढ." सुरुवातीला स्नेहल चिडायची, पुस्तक मिटून उठून जायची. माणसाने विचार करताना स्वतःच्याच डोक्यावर पहारा ठेवायचा, हे तिला अपमानाचं वाटे. गाडीला हाकललं की तिच्या जागी वडील येत, वडलांना हाकललं की तुळजापूरच्या घाटातलं वळण येई. तिला डोकं दुखे, रडू येई. पण तिने सोडलं नाही. इतकी वर्षं दारात उभी राहून तिने भरल्या गाडीत माणसांना चढू दिलं नव्हतं. तशीच ती आता स्वतःच्या दारात उभी राहिली.

आणि एका दुपारी, समतोलाचाच पाठ वाचताना, तिच्या कपाळावर हिरवा लागला.

ईराने उडी मारून तिला मिठी मारली. स्नेहलला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही, पण हायसं वाटलं. त्यानंतर वाट मोकळी झाली. समतोलातली तिची चूकही सुटली. रेणू रेणूंसारखे वागू लागले. मेंदूला सवय झाली की पहारा ठेवावा लागत नाही, हेही तिला कळलं. नको ते आपणहूनच यायचं थांबलं. वर्ष संपायच्या आत तिचे सगळे पाठ झाले. किल्लेदार मॅडम तिला म्हणाल्या, "शिथिलनाशिवाय हे करणाऱ्या या केंद्रातल्या तुम्ही पहिल्याच." तिला त्याचा अभिमान वाटला. वाटायलाच हवा होता.

सोलापूरच्या महाविद्यालयात तिला औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला. ईरा पुण्याला गेली, वडलांजवळ राहून भौतिकशास्त्र शिकू लागली. स्नेहलचे दिवस प्रयोगशाळेत चांगले जात होते. चालू पाठ सोडून मन कुठेही भटकत नसे. वर्गातली मुलं तिला म्हणत, "काकू, तुम्ही किती एकाग्र असता." पूर्वी तिच्या गोष्टींना हसणारी डेपोतली मैत्रीण एकदा भेटली, बराच वेळ बोलली आणि जाताना म्हणाली, "तू गप्प गप्प झालीस गं." स्नेहल म्हणाली, अभ्यास असतो.

एका रविवारी जेवणं झाल्यावर ईराचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आई, आमच्याकडे एक म्हातारे सर आलेत. ते वर्गात पट्ट्या काढून ठेवायला लावतात. आणि प्रत्येकाला उभं करून विचारतात, तुमच्या शब्दांत सांगा. मला काही सांगताच येत नाही."

"काय विचारलं?"

"विद्युत क्षेत्र. म्हणजे तिथे काहीच नसतं, पण तरी काहीतरी असतं. दुसरा भार आणून ठेवला की कळतं."

"एकक भारावर त्या बिंदूपाशी जे बल लागतं, ते त्या बिंदूपाशी असलेलं क्षेत्र," स्नेहल म्हणाली.

"अगं ते मला येतं. हिरवा लागलाय माझा." ईराचा आवाज लहान झाला. "तू करायचीस ना तसं कर. मी तेव्हा वैतागायचे, पण तू लगेच काहीतरी सांगायचीस आणि मग ते दिसायचं. मला आता तसं हवंय. सांग ना, हे कशासारखं असतं?"

स्नेहलने डोळे मिटले. फोन कानाशी घट्ट धरला. असं काहीतरी नक्की होतं. दिसत नसलेलं, पण माणूस आत शिरला की त्याला जाणवणारं. तिने घर आठवून पाहिलं, डेपो आठवून पाहिला, वडील आठवून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं, नावांनिशी, तारखांनिशी. पण हाकलून हाकलून दाराबाहेर ठेवलेल्यातलं एकही आपणहून उठून आत यायला तयार नव्हतं. तिने भुवया वर करून पाहिल्या. ओठ तसे करून पाहिले. आणि वाट बघत राहिली.

पलीकडे ईराही वाट बघत होती. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तिने हळूच विचारलं,

"आई, आहेस ना गं तिकडे?"