आत्याची बसलेली बाई

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात, भर दुपारी, माझ्यासोबत घडलेलं सांगतेय.

आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी कानातली घंटा काही थांबेना. एकटा जीव, त्यात झोपेचं खोबरं. शेवटी ती मातीकाम शिकली आणि मागच्या खोलीत एक बाई घडवली.

माणसाएवढी. बाकावर बसलेली, मान खाली, डोळे मिटलेले. आत लोखंडी सांगाडा, वर ओली माती. चौघांनाही हलायची नाही.

"हिच्या शेजारी बसलं ना, की घंटा थांबते गं," आत्या म्हणायची.

आम्ही हसायचो.

मग आत्याला दवाखान्यात ठेवलं. मला किल्ली दिली. "कापड ओलं करून तिच्यावर घालत जा. सुकली तर तडकेल बिचारी."

धावपळीत आठवडा गेला. कुलूप उघडलं, तर घरभर धूळ. बादली कोरडी ठणठणीत.

मागच्या खोलीत गेले...

कापड ओलं होतं.

टोकातून पाणी ठिबकत होतं.

मी तिथूनच फोन लावला. "आत्या, दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. का गं?"

"कापड ओलं आहे."

ती हळूच... "डोळे मिटलेलेच आहेत ना?"

मी कापड उचललं. "हो."

"मग बस जरा. काही करत नाही ती."

बाकाच्या कडेला जेमतेम टेकले.

आणि रस्त्याचा आवाज गेला.

आल्या आल्या लावलेला पंखा फिरत होता, पण घरघर नाही.

माझाच श्वास मला ऐकू येईना...

घटस्फोटानंतर मी नीट झोपलेच नव्हते. त्या दुपारी बसल्या बसल्या गाढ झोपले.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. माझं डोकं तिच्या खांद्यावर.

खांदा कोमट होता.

मी धूम ठोकली.

आत्या बरी झाली. पण त्या घरी गेली नाही, आमच्या बाबांकडेच राहिली. घंटा अजून वाजतेच म्हणे.

"मग जात का नाहीस?" मी विचारलं.

"तिच्याजवळ फार बरं वाटायला लागलं होतं गं," ती म्हणाली. "उठावंसंच वाटेना."



काल मी पुन्हा गेले. उंबऱ्यातूनच डोकावले.

बाई बाकाच्या पार टोकाला सरकून बसली होती...

उरलेल्या बाकावर माझ्याएवढं कोणी आडवं होऊ शकेल, इतकी जागा.

तशीच मागे फिरले. आजही डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि खरं सांगते... जावंसं वाटतंय.