आई काय म्हणाली?

"हे तू लिहिलंस, बाल्दे?... आणि हे असंच, शब्दाला शब्द, मी आपल्या भाषेत उतरवायचं?"

हर्लिंदानं कागद टेबलावर ठेवला. रविवारची दुपार, चुलीवर राजमा रटरटत होता, खिडकीपाशी म्हातारी तोमासा मिरच्यांची देठं खुडत बसली होती, आणि टेबलाच्या पलीकडे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक बाल्देमार कांतू, म्हणजे हर्लिंदाचा पाच वर्षांनी धाकटा भाऊ, पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते.

"मग? सोपं तर लिहिलंय," तो इंग्रजीत म्हणाला. भाऊबहीण इंग्रजीतच बोलत. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "शुक्रवारी सभागृहात दोनशे पालक असणार, ताई. वरून हुकूमच आहे, आपल्या लोकांचा वारसा-महिना आहे तर मुख्याध्यापकानं दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलायचं. तू उच्चार इंग्रजीसारखे वाचता येतील असे लिहून दे, मी घोकतो."

आता बघा! आडनाव कांतू, जन्म नदीकाठच्या या टेक्सासातल्या गावात, आई अजून त्याच भाषेत श्वास घेते, आणि या गृहस्थाच्या ठायी स्पॅनिशच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य! पण दोष तरी त्याला कसा द्यावा? तो पहिलीत असताना बाई घरी येऊन बजावून गेल्या होत्या, पोराशी घरात स्पॅनिश बोलाल तर त्याचं वाटोळं होईल. तोमासानं ते देववाणीसारखं मानलं, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून ती माउली पोटच्या पोराशी बोलायचीच थांबली! येत होती तेवढी भाषाही तो हळूहळू विसरला. तेव्हापासून मायलेकांच्या मध्ये हर्लिंदा उभी होती. पस्तीस वर्षं तिचं बोलणं त्याला आणि त्याचं तिला पोचवत होती, आणि पोचवताना त्यातली धार बोथट करत होती. "मेला महिन्यातून एकदा उगवतो, तेही घड्याळ बघायला," असं म्हातारी म्हणाली, की हर्लिंदा सांगे, "आई म्हणते, गाडी जपून चालव."

तिनं तो मजकूर पुन्हा वाचला.

'माझ्या लहानपणी याच शाळेत स्पॅनिश बोलायला बंदी होती. जो बोलेल त्याच्या हातात बाई लाकडाची चकती देत. मग त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि ती त्याच्या गळ्यात मारायची. शेवटच्या घंटेला चकती ज्याच्या हाती, त्याच्या पोटऱ्यांवर फळीचे फटके! माझ्याकडे ती जवळजवळ रोज यायची, पण फटका मी एकदाही खाल्ला नाही. का? माझ्या बहिणीमुळे! घंटेला दोन मिनिटं उरली की ती नेमकी धावत यायची, माझ्यापुढे उभी राहून मोठ्यानं स्पॅनिशमध्ये विचारायची, "बाल्दे, भूक लागली का रे?" की दिलीच चकती तिला! दोन वर्षं हाच प्रकार. तिला शहाणपण कधी आलंच नाही. शेवटी शाळेनं तिला काढून टाकलं, ती संत्र्यांच्या वखारीत गेली आणि मी कॉलेजात. मुलांनो, संधी दोघांना सारखीच होती.'

"लोक हसतील," बाल्देमार म्हणाला. "भाषणात थोडा विनोद हवा."

हर्लिंदा मनात म्हणाली, अरे वेड्या... तू स्वतःच सगळं लिहिलंस, एकूण एक गोष्ट लिहिलीस, आणि तरी तुला दिसलं नाही?... बारा वर्षांची पोर रोज तीच चूक, त्याच मिनिटाला, त्याच मुलापुढे कशी करील? आयुष्यात तिनं एकच इच्छा मनाशी धरली होती. कुणी न सांगता, तिनं तर मुळीच न सांगता, एक दिवस हे त्याचं त्यालाच उमगावं. बस्स, एवढंच! त्यापायी तिनं आईलासुद्धा देव्हाऱ्यातल्या देवमातेच्या तसबिरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, बाल्देला कधी सांगायचं नाही. कळलं असतं तर तो हळवा पोरगा पुस्तक टाकून तिच्यामागे वखारीत आला असता.

"काय गं, काय म्हणतोय तो?" तोमासानं विचारलं.

"शुक्रवारी भाषण आहे त्याचं. तुला पुढच्या रांगेत बसवणार आहे."

"मी काय तिथे माना डोलवायला येऊ?"

"आपल्या भाषेत बोलणार आहे, आई."

म्हातारीच्या हातातली मिरची गळून पडली. "माझा बाल्दे?... आपल्या भाषेत?"

त्या चेहऱ्याकडे बघून हर्लिंदानं कागद उचलला आणि शब्दाला शब्द उतरवून दिला. एक अक्षर बदललं नाही. का बदललं नाही, ते तिचं तिलाच ठाऊक. मला विचाराल तर त्या दिवशी पहिल्यांदाच तिला धार बोथट करवली नाही.

शुक्रवारी शाळेत काय थाट! रंगीत कागदाच्या पताका, पोरांना काजळाच्या मिशा, पोरींना झालरीचे घागरे. हर्लिंदा त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पहाटेपासून मक्याच्या पानात तामालेसचे, म्हणजे मक्याच्या पिठाचे, उंडे गुंडाळून तिची बोटं सुजली होती. भाषण सुरू झालं तेव्हा ती हातात परात घेऊन मंचाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. पुढच्या रांगेत काळी शाल पांघरून तोमासा बसली होती, आणि अगदी मागे शाळेचा म्हातारा शिपाई एपिफानिओ, जो त्यांच्या लहानपणीही याच शाळेत शिपाई होता आणि सगळं बघत होता.

बाल्देमार बोलू लागला. उच्चार वाकडेतिकडे, पण शब्द कळत होते. तोमासाचे डोळे झरू लागले! पस्तीस वर्षांनी लेकाचा शब्द मध्ये कुणी नसताना थेट तिच्या कानांत पडत होता. ती शेजारणीचा हात दाबून म्हणत होती, "माझा आहे तो... माझा!"

मग चकतीची गोष्ट आली.

तरुण पालक हसले. पोरं तर खिदळलीच. पण चाळिशीच्या पुढचं एकही माणूस हसलं नाही. एपिफानिओनं डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली. "तिला शहाणपण कधी आलंच नाही," हे वाक्य बाल्देमारनं घोकल्याप्रमाणे ठसक्यात म्हटलं, आणि तोमासा काठी टेकत उभी राहिली.

"गप्प बैस!" ती कडाडली. "शहाणपण नव्हतं तिला? अरे आंधळ्या, ती चुकून बोलायची नाही रे! तुझ्या हातातली चकती घ्यायला यायची ती! तुझे फटके खायला यायची! रोज संध्याकाळी या... या हातांनी मी तिच्या पोटऱ्यांना कोरफड लावली आहे, आणि तू तिथेच जेवत बसायचास! शपथ घातली होती तिनं मला. आज मोडली! नरकात गेले तरी बेहत्तर!"

बायकांनी तोंडाला पदर लावावा तशा शाली लावल्या. दोनशे माणसांना कळलं. कळलं नाही ते फक्त एकाला!

बाल्देमार गोंधळून हसला. त्यानं माइकवर हात ठेवला, वाकला आणि इंग्रजीत विचारलं, "ताई, आई काय म्हणतेय?"

हर्लिंदाच्या ओठांपर्यंत आलं होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य! जन्मभर जे हवं होतं ते, तिच्याच तोंडून का होईना, समोर येऊन उभं होतं. पण तो त्या मंचावर, त्या दिव्यांत, सगळ्या गावासमोर उभा होता... आणि त्याच्या चेहऱ्यावर अगदी तोच, सात वर्षांच्या पोराचा भेदरलेला भाव होता.

"आई म्हणते," ती म्हणाली, "छान बोललास. जेवून जा म्हणते."

त्यानं हसत छातीवर हात ठेवून आईला नमस्कार केला आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

तोमासाला इंग्रजी येत नव्हतं, पण लेकाचं ते हसू तिला कळलं. ती हर्लिंदापाशी आली आणि तिनं तिच्या मनगटावर फाडकन चापट मारली. "काय सांगितलंस त्याला? कार्टे, माझं बोलणं कुठे टाकलंस?"

त्या दिवसापासून म्हातारीनं हर्लिंदाशी अबोला धरला. "तुझ्या तोंडून मला त्याच्याशी बोलायचं नाही," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस तिनं पेजेला तोंड लावलं नाही. पस्तीस वर्षांचा पूल होता, तो असा एका खोट्यानं कोसळला.

सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, बाल्देमार स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, टाय नाही. त्याच्यामागे व्हरांड्यात एपिफानिओ झाडू घेऊन जमिनीकडे बघत होता. सगळं त्यानंच सांगितलं होतं, हे विचारायला नको. हर्लिंदाचे हात पिठात होते. दुसरी स्वयंपाकीण हात पुसत कोठीत निघून गेली.

तो जवळ आला. इंग्रजीत त्याच्यापाशी हजार शब्द होते. त्यानं त्यातला एकही वापरला नाही. व्हरांडाभर घोकत आणलेला एकच शब्द त्याला म्हणायचा होता: पेर्दोन. क्षमा.

"पेर्दीदो," तो म्हणाला, आणि हमसून रडू लागला.

म्हणजे 'हरवलेला'.

हर्लिंदानं पिठाच्या हातांनीच त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. बेचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान पोरासारखा हुंदके देत होता. तिचेही डोळे वाहत होते, पण त्यात सुख होतं असं म्हणवत नाही. फार उशीर झाला होता, आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चल ना ताई माझ्याबरोबर," थोड्या वेळानं तो इंग्रजीत म्हणाला. "आईला सांग माझ्या वतीनं..."

"मी नाही येणार."

"मला येत नाही गं!"

"आत्ता म्हणालास तोच शब्द म्हण."

त्यानं डोळे पुसले. "बरोबर होता का तो?"

"हो," हर्लिंदा म्हणाली. "अगदी बरोबर होता. जा, ती उपाशी आहे."